सासूबाईंच्या नावाचं शेवाळ

गल्लीत तिला सगळे शेवाळबाई म्हणत. नाव ठेवलं होतं सासूनं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नव्या सुनेनं न्हाणीच्या कोपऱ्यातलं हिरवं बुळबुळीत नखानं खरवडलं, काचेच्या पट्टीवर घेतलं आणि खिडकीशी बसून सकाळभर सूक्ष्मदर्शकातून बघत राहिली. सासूबाई जिन्यात जाऊन खाली ओरडल्या, "बघा गं बायांनो, लोकांच्या सुना न्हाणी घासतात, आमची न्हाणी वाचते!" त्या दिवसापासून ती शेवाळबाई. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्यालाही लोक शेवाळबाईचा चष्मेवाला म्हणू लागले. त्याला त्याचं काही नव्हतं. "निदान चष्मेवाला तरी म्हणतात," तो म्हणायचा, "नुसतं शेवाळ्या नाही म्हणत, हेच नशीब."

शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात ती प्रयोगशाळेत होती. खाली वाळूच्या गाळण्यांचं लांबलचक दालन, पाण्याचा अखंड घो घो आवाज, त्यावर लोखंडी कठडा, आणि कठड्यालगतचा जिना चढून गेलं की हिची खोली. उत्तरेकडे मोठी खिडकी, खिडकीत बरण्यांची रांग, टेबलावर सूक्ष्मदर्शक. तळ्याचं पाणी रोज सकाळी बाटल्यांतून वर यायचं. कुठलं शेवाळ किती वाढलंय ते हिनं सांगायचं, म्हणजे नळाला माशासारखा वास सुटायच्या आधी खालचे लोक कामाला लागायचे. शहरात कुणीही पेला तोंडाला लावला की ते पाणी आपण आधी बघितलेलं असतं, याचा तिला भारी अभिमान. कुणाकडे पाहुणी गेली तरी पेला उजेडात धरून मगच प्यायची. यजमानीणबाईंचं तोंड तेव्हा बघण्यासारखं व्हायचं.

आता तुम्हाआम्हाला शेवाळ म्हणजे एकच: ज्यावरून पाय घसरतो ते. शेवाळबाईच्या लेखी मात्र तो गावगाडा होता, आणि त्यात शिरायचं तर दारावर प्रश्न विचारत जावं लागे. पहिला प्रश्न: एकटं की घोळक्यात? घोळक्यात असेल तर सपाट की गोल? गोल असेल तर भरीव की पोकळ? पोहतं की नुसतं तरंगतं? कडेला काटे आहेत का? जणी किती? आणि इथे तिचा आवाज चढायचा, कारण या घोळक्यांत गणती दुपटीनं चालते. चार, आठ, सोळा, बत्तीस. कुणी सात दिसले तर समजायचं, एक जण वाटेत गळालं.

सोळा पेशी एका पातळीत मांडल्या तर ती ताटली. सोळाच, पण एकमेकींत दाटीवाटीनं कोंबलेल्या, तर ती तुती. एका खोलीत अख्खं कुटुंब. तेवढ्याच, पण हातभर अंतर राखून चेंडूच्या सालीशी बसलेल्या, तर ते वेगळं. आवार एक, बिऱ्हाडं निराळी. आणि सगळ्यांत मोठा तो व्हॉल्व्हॉक्स, शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी पाहून विसरलेला: शेकडो पेशींचा पोकळ हिरवा फुगा, गरगर फिरत पोहणारा, पोटात लेकी-फुगे घेऊन. लेकी मोठ्या झाल्या की आई फाटते आणि त्या पोहत निघून जातात. हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं बाई, मला मुलगाच झाला."

पण सासूबाईंनी ते सगळं ध्यानात ठेवलं हो. चाळीतल्या माणसांना त्या याच प्रश्नांनी चाळायला लागल्या. समोरचे निवृत्त मास्तर: "एकटं. तरंगतं." वरच्या मजल्यावरचं दाटीवाटीचं बिऱ्हाड: "तुती." आणि तळमजल्यावरची शिवणवाली, जिच्या मशीनला सुई एक आणि जिभेला दहा, तिच्याबद्दल नुसतं एवढंच: "सपाट. कडेला काटे."

त्यांना थट्टेची हौस होती, पण मूळ धागा वेगळाच होता. सुनेला लग्नानंतर पुढच्या पदवीला यांनीच बसवलं. पोरं यांनी सांभाळली. परीक्षेच्या दिवसांत कुणी दाराशी आलं की "सून आजारी आहे" म्हणून परस्पर वाटेला लावायच्या. शिवणवालीनं एकदा चिकाटीनं विचारलंच, "आजी, इतकं झालंय तरी काय तिला?"

"मेंदूला सूज आलीये," सासूबाई म्हणाल्या, "अभ्यासानं. तुला नाही व्हायची, घाबरू नकोस."

तर अशी ही सासू आणि अशी ती सून. आणि मग जुना हौद उघडला.

केंद्राच्या मागे एक जुना हौद वर्षानुवर्षं बंद पडून होता. शहर वाढलं, पाणी पुरेना, तेव्हा तो पुन्हा वापरात घ्यायचं ठरलं. शेवाळबाईनं त्यातलं पाणी मागवलं, थेंब काचेवर घेतला, डोळा लावला आणि ती बसल्या जागी ताठ झाली. तिच्यासमोर आठ जणी होत्या. लांबट, दोन्हीकडे निमुळत्या, खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभ्या. कडेच्या दोघींना लांब काटे असतात हे तिला ठाऊक होतं. अशा काटेरी रांगा तिनं पुष्कळ बघितल्या होत्या. पण इथे मधल्या जणींनाही काटे होते, आणि तेही वाकडे. तिनं दारावरचे सगळे प्रश्न विचारले. शेवटच्या प्रश्नाशी घोडं अडलं. पुन्हा पहिल्यापासून विचारले. पुन्हा तिथेच अडलं. अशी जात कुठल्याच पुस्तकात नव्हती.

गोड्या पाण्यातल्या शेवाळांचा मोठा ग्रंथ तेव्हा एक सर तयार करत होते. दुसऱ्या शहरात राहायचे, फोनवर कमी बोलायचे आणि बोलले की समोरच्याला घाम फुटायचा. तिनं त्यांना चित्रं पाठवली. फोन आला.

"बाई, चित्रं बघितली. मला हे माहीत नाही."

"सर?"

"मला माहीत नाही असं मी सहसा म्हणत नाही. नवी जात दिसतेय. मी पान राखून ठेवतो. पण नुसत्या चित्रावर मी नाव छापत नाही. बरणीत वाढवून जिवंत पाठवा, ग्रंथ छापायला जायच्या आत. आणि नाव काय द्यायचं ते ठरवा. तो मान तुमचा."

ते ठरवायला तिला क्षणही लागला नाही. नाव सासूबाईंचं. त्यांच्या नावाला लॅटिन शेपूट लावायचं, की झालं.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई आधी बसल्या, मग उठल्या, मग पुन्हा बसल्या. "माझं नाव? छापून?"

"जगात जिथे जिथे हे शेवाळ सापडेल, आई, तिथले लोक तुमचं नाव घेतील."

"दिसतं कसं?"

"हिरवं, काटेरी, आणि सगळ्यांना धरून ठेवणारं," चष्मेवाला म्हणाला. "आई, अगदी तुझाच फोटो."

"तू दुकानात जा," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीला. सासूबाईंनी हट्टच धरला की "माझं शेवाळ" घरातही हवं, आल्यागेल्याला दाखवायला. मग सुनेनं हौदाचं पाणी एका मोठ्या बाटलीत भरून आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. दर आठवड्याला त्यात थोडं ताजं पाणी. येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई बाटलीपुढे उभं करायच्या. दिसायचं नुसतं हिरवट पाणी आणि त्यात टुणटुण उड्या मारणारे पांढरे ठिपके.

"हे नाचतंय ते तुमचं का?" शिवणवालीनं विचारलं.

"छे, ते पाण्यातल्या पिसवा. त्या माझ्या नोकर आहेत."

इकडे प्रयोगशाळेत मात्र माशी शिंकली. बरण्यांत वाढवलेल्या आठ जणींच्या रांगा चार दिवस टिकायच्या, मग कमी कमी होत जायच्या, आणि शेवटी बरणीत उरायचं एक साधं, एकांडं, लांबट शेवाळ, ना रांग ना घोळका. ते तिला चांगलं ओळखीचं होतं. मोठ्या तळ्यात ते ढिगानं असायचं आणि रोजच्या मोजणीत ती त्याच्याकडे मान वर न करता खूण करायची. ते इथे आलं कुठून? अर्थ सरळ होता. तळ्याच्या पाण्यातला ड्रॉपर कुणीतरी हौदाच्या बरणीत घातला आणि त्या तणानं तिच्या नव्या जातीला मारून टाकलं.

कुणीतरी म्हणजे मावशी. प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशी तिच्या आधीपासून तिथे होत्या. काचा धुणं, बाटल्या आणणं, आणि बरणी मांडायच्या आधी पाणी रेशमी फडक्यातून गाळणं ही त्यांची कामं. ती गाळायची रीत पहिल्या साहेबांच्या काळापासून होती. पिसवा शेवाळ खातात, बरणी साफ करून टाकतात, आणि पाहणीला आलेल्या मोठ्या माणसांना पाण्यात किडे दिसले तर बोभाटा, म्हणून पाणी आधी फडक्यातून. त्यात कुणाला विचार करावासा वाटला नव्हता. जिना चढताना आपण पायरी बघतो का?

"मावशी, ड्रॉपर धुतला होतात ना?"

"धुतला होता, बाई."

पुढच्या वेळी: "मावशी, नक्की?" आणि त्याच्या पुढच्या वेळी, कठड्याशी उभं राहून, खालचे फिल्टरवाले माना वर करून बघतील अशा आवाजात: "एक ड्रॉपर नीट धुता येत नाही का हो तुम्हाला? माझं सगळं त्याच्यावर अडलंय!"

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी आपला चहा खाली पंपाच्या खोलीत प्यायला सुरुवात केली.

सरांचा पुन्हा फोन आला. पान जुळवून झालं होतं. फक्त जिवंत बरणीची वाट होती. शेवाळबाई त्या दिवशी घरी आली ती चेहरा उतरवून. सासूबाईंनी विचारलं, तिनं सांगितलं: बरणीत टिकतच नाही, आई.

"तुझ्या हापिसात नसेल टिकत. माझ्याकडे बघ कसं मजेत आहे."

"ते नुसतं हिरवं दिसतंय. आत दुसरंच झालं असेल."

"माझ्या खिडकीत दुसरं होईल? बघ तरी!"

म्हातारीचं मन राखायचं म्हणून तिनं कॉलेजातलं जुनं सूक्ष्मदर्शक काढलं, बाटलीतला थेंब घेतला. आठ. आठ. चार. आठ. सगळ्या रांगा धडधाकट, काट्यांसकट. ती "आई!" म्हणून ओरडली आणि सासूबाईंना मिठीच मारली.

"माया लागते," सासूबाई मान वेळावत म्हणाल्या. "तुमच्या त्या काचेच्या कपाटात माया कुठली?"

आता खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. बाटली सरांकडे पाठवायची, नाव छापून यायचं, गल्लीत पुस्तक मिरवायचं. दुसरी कुणी असती तर तिनं तेच केलं असतं आणि कुणी तिला नावं ठेवली नसती. पण शेवाळबाईला एक खोड होती. प्रश्न अर्धा सोडून तिला झोपच यायची नाही. पाणी तेच, उजेड तसाच. मग इथे का टिकलं आणि तिथे का नाही? मायेवर तिचा विश्वास होता, पण काचेच्या पट्टीवर माया दिसत नाही. बाटलीकडे ती बघत राहिली. पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. इथलं पाणी कुणी गाळलं नव्हतं.

आणि मग तिला मोठं तळं आठवलं. मोठ्या तळ्यात मासे आहेत, ते पिसवा फस्त करतात. जुन्या हौदात मासा नाही, तिथे पिसवाच पिसवा. तळ्यात एकांडं. हौदात रांगा.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या तळ्यातलं ते एकांडं, ओळखीचं शेवाळ दोन बरण्यांत घातलं. एकीत नुसतं स्वच्छ पाणी. दुसरीत सासूबाईंच्या बाटलीतलं पाणी, कागदातून असं गाळलेलं की त्यात ना पिसू उरली ना शेवाळाचा कण. उरला असेल तर पिसवांचा नुसता वास. मग वाट बघितली. पहिली बरणी होती तशी राहिली. दुसऱ्या बरणीतल्या थेंबात एका सकाळी तिला एकटी पेशी दिसली, जिच्या पोटात चार लेकी तयार होत होत्या. एरवी आईची साल फाटली की लेकी चहूकडे पांगतात. या पांगल्या नाहीत. खांद्याला खांदा लावूनच बाहेर आल्या, आणि बघता बघता काटे धरायला लागल्या. एवढ्या मोठ्या काटेरी घासाला पिसू तोंड लावत नाही.

नवी जात नव्हतीच. तेच जुनं शेवाळ होतं, पिसवांच्या वासानं हात धरून उभं राहिलेलं. घडी घडी बदलणाऱ्या रूपाला तिनं वेगळं नाव दिलं होतं. ग्रंथातलं राखलेलं पान खोटं होतं.

गंमत म्हणजे त्या क्षणी तिला रडू आलं नाही. पहिल्यांदा वाटलं ते हे, की इतकं सुंदर आपण आजवर काही बघितलं नाही, आणि हे आपण बघितलं. मग, पाठोपाठ, सासूबाईंचा चेहरा आठवला.

पण आधी मावशी. ती पंपाच्या खोलीत गेली, मावशींना वर घेऊन आली, आपल्या खुर्चीत बसवलं आणि त्यांना दोन्ही बरण्यांतलं दाखवलं. सगळं सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे ड्रॉपर धुतलेला होता."

"होता, मावशी. चूक माझी. मी तुम्हाला नको ते बोलले."

"हे इथे हळूच सांगताय होय?" मावशी म्हणाल्या. "बोलताना तर कठड्याशी उभं राहून बोलला होतात."

शेवाळबाई उठली, बाहेर गेली, कठडा धरला आणि पाण्याच्या घो घो आवाजावर ओरडून म्हणाली, "ऐका हो! मावशींनी ड्रॉपर नेहमीच स्वच्छ धुतला होता! चूक माझी होती!"

खाली फिल्टरवाले आ वासून बघत राहिले. एकानं टाळी वाजवली. का वाजवली त्याचं त्यालाच कळलं नसावं. मावशी मागे पदरानं तोंड झाकून हसत होत्या. "बास, बास. आता नळापर्यंत ऐकू गेलं असेल," त्या म्हणाल्या. त्या दिवशी चहा वर झाला.

घरी कठडा नव्हता. तिनं जेवणं आटपू दिली आणि मग सांगितलं. चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सासूबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांना कधीच लागायचा नाही.

"म्हणजे माझ्या नावाचं शेवाळ नाहीच."

"नाही, आई."

"अन् हे तुला माझ्याच बाटलीनं सांगितलं."

"हो."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. "गल्लीत काय सांगू मी? त्या शिवणवालीला काय सांगू?" मग त्यांनी खाजगी आवाजात विचारलं, "बाटली आहे तशी पाठवली तर? त्या सरांना कळेल?"

"नाही कळणार. बाटलीत पिसवा आहेत, रांगा टिकतील. छापून येईल."

"कधी कळेल?"

"पुढे केव्हातरी. कदाचित आपण कुणीच नसताना."

"मग?" सासूबाईंचा तो "मग" खरा होता, लटका नव्हता. त्यांना ते नाव हवं होतं. उभ्या आयुष्यात रेशनच्या रांगेशिवाय त्यांचं नाव कुणी मोठ्यानं पुकारलं नव्हतं.

शेवाळबाई त्यांच्यासमोर बसली. "आई, पुढे कधीतरी कुणी पोरगी हाच प्रयोग करेल आणि तुमच्या नावावर काट मारेल. तिला तुम्ही कोण ते ठाऊकही नसेल. परक्या हातानं तुमचं नाव खोडलेलं मला चालणार नाही. खोडायचंच तर मी खोडेन."

सासूबाईंनी खिडकीतली बाटली आणून तिच्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "दाखव बघू."

सुनेनं प्रयोगशाळेतून आणलेल्या एकांड्या शेवाळाचा एक आणि बाटलीतला एक, असे दोन्ही थेंब मांडले. म्हातारीनं एक डोळा मिटला, दुसरा लावला. आधी एकांडं, मग आठांची रांग.

"हीच ती?"

"हीच."

"पिसू आली की हात धरतात."

"हो."

"गेली की सुटतात."

"सुटतात."

"अगं, यात नवीन काय?" सासूबाई सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाल्या. "आपल्या चाळीत घरमालक आला की काय होतं? एरवी कुणी कुणाचं तोंड बघत नाही. हे तू मला आधी विचारलं असतंस तर मी तुला सांगितलं असतं." आणि जरा थांबून, "कर फोन त्या सरांना. माझ्यासमोर कर."

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"पान जुळवून झालंय, बाई."

"मोडा, सर."

"तुम्ही काय मोडायला सांगताय ते कळतंय ना? नव्या जातीचं नाव रोज मिळत नाही."

"कळतंय. ज्यांचं नाव आहे त्या इथे शेजारीच बसल्यात."

"मोडा म्हणावं!" सासूबाई फोनच्या दिशेनं ओरडल्या.

पलीकडे सर खोकले, की हसले, कोण जाणे. "ठीक. मग मला चित्रं नव्यानं हवीत. एकटं, दोघी, चौघी, आठ, सगळं एका ओळीत, एकाच नावाखाली. आणि ते पाणी कसं गाळलंत ते नीट सांगा. मला इथे करून बघायचंय." आणि पुढच्या आठवड्यात स्वतःहून फोन आला तो शाळकरी मुलाच्या आवाजात: "बाई, धरले! इथेही हात धरले!"

ग्रंथ आला तेव्हा शेवाळबाई कामावर होती. संध्याकाळी परतली तर तळमजल्यावरच्या शिवणवालीच्या दारात ही गर्दी, आणि मधोमध सासूबाई, मांडीवर ग्रंथ घेऊन. शेवाळबाई जिन्याच्या आडोशाला थबकली. हा प्रसंग येणार म्हणून तिनं मनात कितीतरी वाक्यं घोकून ठेवली होती.

"काय आजी, आलं का नाव?" शिवणवालीनं मशीन थांबवून विचारलं. तिच्या डोळ्यांत आधीच उत्तर होतं.

"नाही आलं."

"अगोबाई! सरांनी फसवलं की काय?"

"त्यांची काय छाती आहे! पान तयार होतं. माझ्या सुनेनं काढायला लावलं."

"सख्ख्या सासूचं नाव? भांडण झालं होतं का?" शिवणवालीनं कात्री बाजूलाच ठेवली. असं ऐकायला हात मोकळे लागतात.

"भांडण कसलं? चूक सापडली तिला. स्वतःची. दुसऱ्याची तर तूही रोज काढतेस, टाके घालता घालता. स्वतःची काढून अशी जगाच्या पुस्तकात छापून आणलीस कधी?" सासूबाईंनी ग्रंथ उघडला. "हे बघ. एकटं, दोघी, चौघी, आठ. आधी लोकांना वाटायचं हे निराळे, ते निराळे. सगळं एक आहे हे कुणी दाखवलं? खाली नाव वाच. नव्या जाती काय, उठसूट कुणीही शोधतं. माझ्या सुनेनं एक कमी केलीये!"

शिवणवालीनं नाव वाचलं. बाकीच्या बायकाही वाकून बघायला लागल्या. सासूबाईंचा आवाज आता चांगलाच चढला होता. "तर हे काय करतात, पाण्यातली पिसू दिसली रे दिसली, की पटकन एकमेकींचा हात..."

"दिसली की नाही, आई," जिन्याच्या आडोशातून आवाज आला. शेवाळबाईला राहवलंच नाही. "वास आला की. त्यांना पिसू दिसत नाही."

सगळ्यांनी माना वळवल्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि शिवणवालीकडे बघितलं. चेहरा असा फुलला होता की जणू स्वतःचंच नाव पुकारलं गेलंय.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "घरात एक वाक्य धड चुकीचं बोलायची सोय नाही!"